शब्द तोच, अर्थ कोणता?

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील, यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आमच्या दवाखान्यात आला. एक दिवसाआड थंडी वाजून ताप चढे, घाम फुटून उतरे आणि मधल्या दिवशी तो कामावर जाई. तिसऱ्या पाळीनंतर तो फारच खालावला, तेव्हा आम्ही त्यास रुग्णालयात पाठविले. सोबतच्या चिठ्ठीवर निदान म्हणून एकच शब्द लिहिला : 'विषमज्वर'.

आमच्या मनात संहितेतील विषमज्वर होता. संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक या प्रकारांनी वर्णिलेला, वेळ साधून येणारा. रुग्णालयातील तरुण डॉक्टर मराठी माध्यमातून शिकलेले होते. शाळेच्या पुस्तकात आणि आरोग्य खात्याच्या पत्रकांत त्यांनी जो विषमज्वर वाचला होता, तो म्हणजे टायफॉईड. विडाल चाचणीचा निष्कर्षही धड नकारार्थी आला नाही, म्हणून टायफॉईडचे उपचार सुरू झाले. चौथ्या दिवशी रक्ताची काचपट्टी पाहिली गेली, तेव्हा हिवतापाचे जंतू आढळले. रुग्ण पुढे बरा झाला. परंतु मधले तीन दिवस वाया गेले, ते आमच्या एका शब्दापायी.

चूक कोणाची, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. त्या डॉक्टरांनी मराठी शब्द मराठीत रूढ असलेल्या अर्थानेच वाचला. आम्ही तो शास्त्रातील अर्थाने लिहिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि रुग्ण मात्र भलत्याच औषधावर! चूक आमचीच होती. कारण आपण लिहिलेला शब्द वाचणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ घेऊन उतरेल, याचा विचार लिहिणाऱ्याने करावयाचा असतो. त्या दिवसापासून शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाविषयी जे वाचन व चिंतन घडले, ते वैद्यबंधूंपुढे व औषधालय चालविणाऱ्या मित्रांपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाचा अर्थ कोठे राहतो?

हा प्रश्न प्रथमदर्शनी पंडितांचा वाटतो. पदवीच्या पहिल्याच वर्षी पदार्थविज्ञानात आपण सर्वांनी तो परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. यौगिक, रूढ आणि योगरूढ असे शब्दांचे प्रकार, 'पंकज' हे ठरलेले उदाहरण, आणि मग त्या वहीचा पुढे उपयोग नाही! वस्तुतः दवाखान्यात रोज उपयोगी पडावा असा तो भाग आहे.

अर्थबदलाच्या अभ्यासाला पाश्चात्त्य भाषाशास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले ते १८८३ साली, मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताकडून. हे ब्रेआल बर्लिनला फ्रान्झ बोप यांच्याकडे संस्कृत शिकलेले होते. शब्दाचा अर्थ कधी संकोचतो, कधी विस्तारतो, कधी एका वस्तूवरून शेजारच्या वस्तूवर सरकतो, हे त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी उदाहरणांनी दाखविले. आपल्याकडील विचार याहून कितीतरी जुना आहे. पतंजलींनी महाभाष्यात एक मार्मिक दृष्टान्त दिला आहे. घट हवा असेल तर मनुष्य कुंभाराकडे जातो. पण शब्द हवा म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन 'मला शब्द करून द्या' असे म्हणत नाही. शब्द लोकव्यवहारातून येतात. नैयायिकांनीही अर्थज्ञानाची व्याकरण, कोश, आप्तवाक्य इत्यादी साधने सांगताना वृद्धव्यवहाराला, म्हणजे जाणत्यांच्या प्रत्यक्ष वापराला, मोठे स्थान दिले.

एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तेव्हा नेमका कोणता घ्यावा, याची गमके भर्तृहरींनी वाक्यपदीयात सांगितली आहेत. साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, देश, काल ही त्यांतील काही. 'सैंधव' हे परंपरेतील प्रसिद्ध उदाहरण आपल्या औषधालयांना फार जवळचे आहे. जेवणाच्या ताटावर बसलेल्याने सैंधव मागितले तर मीठ द्यावयाचे, आणि प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा. आमच्या चिठ्ठीवर प्रकरणही नव्हते, साहचर्यही नव्हते. नुसता 'सैंधव' म्हणावे आणि ऐकणाऱ्याने घोडा आणला म्हणून रागवावे, असा तो प्रकार झाला.

शब्दाचे आयुष्य किती लांब असते आणि त्यात किती वळणे असतात, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच महाराष्ट्रातील एका कार्याकडे पाहावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द टिपून घेतले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. पहिला भाग १९७६ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक शब्दाचे अर्थ तेथे कालक्रमाने लावले जातात. अनेक भाग निघूनही काम अद्याप 'अ' या अक्षरातच आहे. एकट्या 'अग्नि' शब्दाचा प्रवास मनात आणला तरी याचे कारण कळते. ऋग्वेदातील देवता, यज्ञकुंडातील अग्नी आणि आपल्या शास्त्रातील जाठराग्नी व धात्वग्नी, हे सर्व एकाच शब्दाचे संसार आहेत. वात, पित्त, कफ या शब्दांपर्यंत हा कोश आमच्या हयातीत पोहोचेल असे दिसत नाही. तोवर आपल्या पुरते काम आपणच करावयास हवे.

रुग्णाच्या तोंडचे शब्द

आमच्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांचे रुग्ण एकाच बाकावर बसतात. 'डॉक्टरसाहेब, पित्त झालंय' हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकतो. एकाला घशाशी आंबट येते, दुसऱ्याचे डोके दुखून उलटी होते, तिसऱ्याच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात; तिघांच्याही तोंडी 'पित्त'च. पहिल्यास शास्त्र अम्लपित्त म्हणेल. तिसऱ्यास शीतपित्त, उदर्द किंवा कोठ म्हणेल, आणि तेथे नाव पित्ताचे असले तरी संप्राप्तीत कफ व वाताचा वाटा किती, हे पाहावयास लावील. मराठीत माणूस रागावला तरी त्याचे पित्त खवळते. तेलुगूतील 'पैत्यं' याच कुळातला. त्याचा अर्थ पित्तविकार असा होतो आणि बोलण्यात वेडेपणा असाही होतो. तेलुगूभाषक आजीबाई नातवाविषयी 'पैत्यं' म्हणाल्या, तर पोटाविषयी विचारावे की वागण्याविषयी, हे आधी ठरवावे लागते.

'वात' शब्दाची तीच गत. गुडघे धरले तरी वात, आणि तापात रुग्ण बरळू लागला तरी 'वातात बडबडतोय'. पोट फुगले की मात्र अलीकडे वात कोणी म्हणत नाही; तेथे 'गॅस' शब्दाने जागा घेतली आहे. म्हणजे पक्वाशय हे वाताचे मुख्य स्थान, तेथूनच लोकभाषेने त्यास हुसकावून लावले! 'कफ' तर खोकल्यातून पडणाऱ्या बेडक्यापुरताच उरला. सांध्यांना स्नेहन देणारा श्लेषक कफ, तृप्ती देणारा तर्पक कफ, हे रुग्णाला समजावून सांगू लागलो, तर तो आपल्या छातीवर हात ठेवून 'इथं कफ नाही हो' असे म्हणतो.

यात लोकांचा दोष नाही. शब्द वापरले गेले म्हणूनच ते बदलले. न वापरलेले शब्द पोथीत जसेच्या तसे राहतात. युरोपातही असेच झाले. 'मेलँकली' म्हणजे मुळात काळे पित्त. ग्रीक वैद्यकातील चार रसांचा सिद्धान्त मागे पडला, पण खिन्नतेचे नाव म्हणून शब्द उरला. 'मलेरिया' म्हणजे दूषित हवा. कारण डासाकडे सापडले तरी नाव हवेचेच राहिले. 'इन्फ्लुएंझा' हा मूळचा इटालियन शब्द ग्रहताऱ्यांच्या प्रभावाचा. आधुनिक वैद्यकाचे शब्द स्थिर आणि आमचेच काय ते सरकते, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. उपाशीपोटी रक्तातील साखर १३० मिलिग्रॅम असलेला मनुष्य १९९६ साली मधुमेही गणला जात नव्हता. १९९७ साली अमेरिकन मधुमेह संघटनेने मर्यादा १४० वरून १२६ वर आणली आणि तोच मनुष्य मधुमेही ठरला. त्याच्या शरीरात काही बदलले नाही, शब्दाची कुंपणे बदलली.

फरक इतकाच, की तेथे कुंपण हलविले तेव्हा ते कोणी, कधी व किती हलविले, हे लिहून ठेवले गेले. आमच्याकडे कुंपण हलते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

औषधाचे नाव आणि औषध

रोगाच्या नावात घोटाळा झाला तर निदान तपासणीत तो उघडकीस येतो. औषधाच्या नावातील घोटाळा पुडीत बांधून घरी जातो. मंगळवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानात 'ब्राह्मी द्या' असे म्हटल्यावर काय मिळेल? भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या मते ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी, जिला आपण जलब्राह्मी म्हणतो. महाराष्ट्रात मात्र अनेक घरांत ब्राह्मी म्हणून ओळखली जाते ती गोल पानांची सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, कोकणातील कारिवणा. दोन्ही मेध्य म्हणून सांगितल्या आहेत, हे आपले नशीब. पण चरकांनी रसायनपादात मंडूकपर्णीचा निर्देश स्वतंत्रपणे केला आहे. तेव्हा 'काय फरक पडतो' हे उत्तर शास्त्राचे नव्हे.

शंखपुष्पीचे तर विचारूच नये. फार्माकोपियात कन्व्होल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, काही ठिकाणी इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस म्हणजे विष्णुक्रांता, दक्षिणेत गोकर्ण, तर बंगालकडे कॅन्स्कोरा. रास्ना उत्तरेत प्लुचिया लान्सिओलाटाची, दक्षिणेत कुळिंजनाच्या जातीची, बंगालमध्ये झाडावर वाढणाऱ्या व्हँडाची. 'अमृता' हे नाव निघंटूंत गुळवेलीलाही आहे आणि हिरड्यालाही. सोलापूर कर्नाटक व आंध्र-तेलंगणाच्या वाटेवरचे गाव. उत्तरेकडचा माल येथे येतो आणि दक्षिणेकडचाही. दोन्हीकडच्या पोत्यांवर एकच नाव लिहिलेले असू शकते. गुजरातचे वैद्य बापालाल यांनी अशा संदिग्ध द्रव्यांवर १९८२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याला चार दशके लोटली, आणि आपल्या खरेदीच्या पावत्यांवर अजून नुसते 'रास्ना' असते.

याचे गांभीर्य २०२१ साली सर्वांच्या लक्षात आले. करोनाच्या साथीत घराघरात गुळवेलीचा काढा चालू होता. मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची ओळख पटविलेली नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुडूचीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा बाजारात येते व ती अपायकारक ठरू शकते. या वादाचा निकाल देणे हा येथे विषय नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. 'ती गुळवेल नव्हेच' असे म्हणण्याचा अधिकार ज्याने विकताना 'ही गुळवेल आहे' हे पडताळून पाहिले त्यालाच असतो. आपल्यापैकी किती जणांकडे त्या काळात विकलेल्या मालाची वनस्पतिशास्त्रीय नोंद होती? प्रत्येकाने हे स्वतःशीच विचारावे.

अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पुटनम यांनी १९७५ सालच्या एका निबंधात याच प्रश्नाची मांडणी केली आहे. ते म्हणतात, मला एल्म आणि बीच ही दोन झाडे वेगळी ओळखता येत नाहीत, तरीही मी ते शब्द वापरतो आणि त्यांचे अर्थ वेगळेच राहतात. कारण समाजात कोणीतरी जाणकार ती झाडे ओळखतो व आपण सर्व जण त्याच्या भरवशावर बोलत असतो. त्यांनी यास भाषिक श्रमविभागणी म्हटले. सोने म्हणजे काय हे सराफ जाणतो म्हणून आपण निर्धास्तपणे 'सोने' म्हणतो. गिऱ्हाईक 'गुळवेल' म्हणते ते आपल्या भरवशावर. औषधालयाचा मालक भरवसा ठेवतो घाऊक व्यापाऱ्यावर, व्यापारी गोळा करणाऱ्यावर, आणि गोळा करणारा 'शहरात जाणते लोक पाहून घेतील' या भरवशावर. साखळीत प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले, तर अर्थ राखणारा कोणीच उरत नाही आणि शब्द पोकळ होतो.

चरकांनी हे फार पूर्वी जाणले होते. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी लोक वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात, परंतु तेवढ्याने औषधाचे ज्ञान पुरे होत नाही. देश, काल व पुरुष पाहून योजना जाणणारा तो खरा जाणता, असे सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आज आपली स्थिती उलटी झाली आहे. योजना आपण जाणतो, रूप मात्र जाणत नाही. चूर्णाच्या पिशवीत रूप उरतच नाही. म्हणून नावाची जबाबदारी दुप्पट झाली आहे.

शास्त्राने स्वतः काय केले?

'आपले शास्त्र शाश्वत आहे, त्याच्या शब्दांचा अर्थ बदलत नाही' असे काही ज्येष्ठ वैद्य आम्हांस सांगतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही म्हणतो, की सिद्धान्त शाश्वत असू शकतील. शब्द तसे नाहीत, आणि शास्त्रकारांनीही तसे कधी मानले नाही. अर्थ न बदलता तर चक्रपाणी आणि डल्हण यांना टीका लिहिण्याची गरजच पडली नसती. एखादे द्रव्य अमुक, दुसरे कोणी तमुक मानतात, असे मतभेद डल्हण प्रामाणिकपणे नोंदवितात. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्रींनी अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली, तीही आपल्या काळाच्या वाचकाला जुना शब्द कळावा म्हणूनच.

शास्त्र नवे शब्दही घेत आले. अम्लपित्ताचे स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णन चरकांत नाही. ते काश्यपसंहितेत व माधवनिदानात येते. आमवातही माधवनिदानातच स्वतंत्रपणे उभा राहतो. सोळाव्या शतकात फिरंग्यांबरोबर नवा रोग आला, तेव्हा भावमिश्रांनी त्यास एखाद्या जुन्या नावाखाली ओढूनताणून बसविले नाही. सरळ 'फिरंगरोग' म्हटले आणि त्यावर चोपचिनीसारखे परदेशी द्रव्यही स्वीकारले. हा मोकळेपणा आपल्या परंपरेचा आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, अर्थ निश्चित करण्याचे साधनही शास्त्रानेच दिले आहे. सुश्रुतांच्या उत्तरतंत्राच्या शेवटी बत्तीस आणि चरकांच्या सिद्धिस्थानाच्या शेवटी छत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांतील 'स्वसंज्ञा' ही तंत्रयुक्ती आमच्या मते आज सर्वांत उपयुक्त आहे. लोकात एका अर्थाने चालणारा शब्द आमच्या तंत्रात अमुक अर्थाने घ्यावा, असे आधीच जाहीर करणे म्हणजे स्वसंज्ञा. 'मिथुन' म्हटल्यावर लोक स्त्री-पुरुषांचे जोडपे समजतील. पण आमच्या शास्त्रात त्याने मध व तूप घ्यावे, असे उदाहरण सुश्रुतांत आहे. तसेच सिरा, धमनी व स्रोतस ही एकच असे म्हणणाऱ्यांचे मत सुश्रुतांनी मांडून खोडले आहे. सातशे सिरा आणि चोवीस धमन्या मोजणाऱ्या त्या ग्रंथातील 'धमनी' आणि आज शालेय पुस्तकात शुद्ध रक्त वाहणारी म्हणून शिकविली जाणारी 'धमनी' यांचे नाव एक असले तरी गाव निराळे. शरीरशास्त्राची मराठी परिभाषा घडविताना जुना शब्द नव्या कामावर लावला गेला, यात वावगे काही नाही. मात्र विद्यार्थी नव्या अर्थाने जुना ग्रंथ वाचतो आणि सुश्रुतांची चूक काढतो, तेव्हा चूक स्वसंज्ञा न सांगणाऱ्या शिक्षकाची असते.

दोन सोपे मार्ग, दोन्ही घातक

या अडचणीतून सुटण्याचे दोन सोपे मार्ग सांगितले जातात. पहिला, जुनेच शब्द धरून ठेवावेत व लोकांनी ते शिकून घ्यावेत. हा मार्ग आम्ही त्या विषमज्वराच्या चिठ्ठीवर चालून पाहिला. त्याची किंमत आम्ही मोजली नाही, एका गरीब कामगाराने मोजली.

दुसरा मार्ग तरुण वैद्यांना प्रिय आहे. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, मधुमेह म्हणजे डायबेटिस, असे समीकरण मांडून मोकळे व्हावे. यात काय हरवते ते जर्मन गणितज्ञ गोटलोब फ्रेग यांच्या १८९२ सालच्या निबंधातील उदाहरणाने स्पष्ट होते. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा ही दोन्ही नावे एकाच शुक्राची. वस्तू एक, परंतु तिच्याकडे नेणाऱ्या वाटा दोन. आमवात आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस ही नावे पुष्कळदा एकाच रुग्णाकडे बोट दाखवितात. पण 'आमवात' या शब्दातच आम आहे. तो लंघन, स्वेदन, दीपन यांची वाट दाखवितो आणि आम असता स्नेहन नको असे बजावतो. नाव बदलले की ती वाट बुजते. मग रक्ततपासणीचा कागद पाहून सर्वांना एकच गुग्गुळ दिला जातो, आणि गुण आला नाही की दोष शास्त्राला. शिवाय दोन्ही नावे दर वेळी एकाच रुग्णाकडे बोट दाखवितात असेही नाही. वीस प्रमेहांपैकी मधुमेह हा वातज व असाध्य गणलेला. उपेक्षित प्रमेह कालांतराने मधुमेहात परिणत होतात, असे शास्त्र म्हणते. साखर नुकतीच १३० झालेल्या स्थूल गृहस्थास त्या अर्थाने मधुमेही म्हणणे म्हणजे कफज प्रमेहाच्या साध्य अवस्थेतील रुग्णाला असाध्याच्या यादीत टाकणे होय.

आता संकेतांकांचा काळ

हा विषय आजच मांडण्याचे आणखी एक कारण आहे. २०१७ साली 'नमस्ते' या पोर्टलद्वारे आयुष पद्धतींतील रोगांना प्रमाणित संज्ञा व संकेतांक मिळाले. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत पारंपरिक वैद्यकाचे दुसरे मॉड्यूल दाखल झाले. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा समावेश आहे. आपल्या शास्त्राचे शब्द जगाच्या नोंदवहीत गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु संकेतांक शब्दाला बांधून टाकतो. तेथे प्रकरण नाही, साहचर्य नाही, देश-काल नाही. आकडा तेवढा आहे. आपण अंदाजाने, सवयीने किंवा रुग्णाच्या तोंडचे 'पित्त' ऐकून संकेतांक टाकला, तर उद्या त्या आकड्यांवरून निघणारे निष्कर्ष आपल्याच शास्त्राच्या विरोधात उभे राहतील. शंभर वैद्यांनी शंभर अर्थांनी लिहिलेला 'आमवात' मोजून कोणाला काय कळणार? येथे चरकांचे एक वचन दिलासा देते. प्रत्येक विकाराला ठरलेले नाव असतेच असे नाही. म्हणून नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाजू नये, दोष, अधिष्ठान आणि हेतू यांचे ज्ञान महत्त्वाचे, असा त्याचा आशय आहे. नाव सापडेना म्हणून भलतेच नाव लिहिण्यापेक्षा दोष-दूष्य लिहिणे केव्हाही श्रेयस्कर.

आमच्या सूचना

आम्ही स्वतः गेली काही वर्षे पुढील नियम पाळीत आहोत. ते फार वेळ घेत नाहीत, असा अनुभव आहे.

पहिला नियम : रुग्णपत्रकावर रुग्णाचा शब्द रुग्णाच्याच भाषेत अवतरणात लिहावा आणि त्यापुढे लक्षण लिहावे. 'पित्त' : जेवणानंतर दोन तासांनी आंबट ढेकर. अशा एका ओळीला पाव मिनिट पुरते.

दुसरा : दुसऱ्या पद्धतीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देताना शास्त्रीय संज्ञा एकटी पाठवू नये. 'एक दिवसाआड थंडीसह ताप, हिवतापाची तपासणी व्हावी' एवढे आम्ही त्या दिवशी लिहिले असते, तर पुरे होते.

तिसरा नियम औषधालयांसाठी : औषधांच्या वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेला भाग देणे नियम १६१ अन्वये उत्पादकांवर बंधनकारक आहेच. तोच आग्रह सुट्या काष्ठौषधींच्या खरेदीतही धरावा. पावतीवर नुसते 'ब्राह्मी' न चालविता कोणती ब्राह्मी ते लिहून घ्यावे, आणि प्रत्येक खेपेतील मूठभर अखंड नमुना तारीख घालून बरणीत ठेवावा. वैद्यांनीही चिठ्ठीवर 'जलब्राह्मी' किंवा 'मंडूकपर्णी' असे स्पष्ट लिहावे; औषधालयावर ओळखण्याचा भार टाकू नये.

चौथी सूचना आपल्या संघटनेस : सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर या भागातील रुग्ण मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दूत व्याधींसाठी जे शब्द वापरतात, त्यांचा एक छोटा संग्रह सिद्ध व्हावा. शब्द, तो कोणत्या लक्षणासाठी वापरला जातो, आणि शास्त्रात त्याचा अर्थ काय, असे तीन रकाने पुरेत. शंकर दाजी शास्त्री पदे यांचा आर्यभिषक् मराठी घराघरात गेला, तो वैद्यक लोकांच्या भाषेत आणल्यामुळे. आपल्या पिढीने लोकांची भाषा वैद्यकापर्यंत आणावी. महाकोशाप्रमाणे यास पाऊणशे वर्षे लागणार नाहीत. सभासदांनी महिन्याला दहा नोंदी पाठविल्या, तरी वर्षभरात कामापुरता संग्रह तयार होईल.

आरंभ म्हणून आम्ही आमच्या दवाखान्यातील वहीतून 'पित्त', 'वात', 'उष्णता' आणि 'गॅस' या चार शब्दांच्या नोंदी संपादक मंडळाकडे पाठवीत आहोत. त्यांत चुका असतील. वैद्यबंधूंनी त्या निःसंकोचपणे दाखवाव्यात. 'विषमज्वर' ही पाचवी नोंद आम्ही सर्वांत आधी लिहिली होती. तिच्या तिसऱ्या रकान्यात तृतीयक तापाचे लक्षण आहे, आणि दुसऱ्यात 'टायफॉईड' असे स्पष्ट लिहिले आहे.